कच्च्या टाक्याचा पट्टा

आमच्या गल्लीत मांजरं माणसांना बघून पळत नसत. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो, कारण मिरवण्यासारखं आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता आणि टोकाला माझं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली ती. मी कपडे अल्टर करतो. पँट आखूड करायची, चेन बदलायची, दप्तरांचे तुटलेले पट्टे शिवायचे. नवे कपडे हल्ली कोणी शिवून घेत नाही, आणि कोणी आलंच तर मी हाकलून देईन. माप द्यायला दोन मिनिटं सरळ उभं राहवत नाही लोकांना, सारखा फोन! असो. माझं हे असंच चालू असतं. बायको गिऱ्हाइकांना सांगते, ‘त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, मशीन बंद झालं की तेही बंद होतात.’

तर मांजरं. दोन गल्ल्या सोडून पलीकडे जाऊन बघा, पावलाचा आवाज आला की तिथली मांजरं गाडीखाली घुसतात. म्हणजे तिथे कोणीतरी दगड मारतं, नाहीतर अंगावर पाणी फेकतं. आमच्याकडे मांजर भर रस्त्यात आडवं पसरलेलं असायचं आणि पेपरवाला सायकलवरून उतरून त्याला वळसा घालायचा.

त्यातली दोन आमच्या दाराची. एक मुकादम. पिवळट, दांडगा बोका, एक कान फाटलेला. कुठे सामान उतरायला लागलं, कुठे भिंत रंगवायला घेतली की हा समोर बसून देखरेख करणार. दुसरी बाईसाहेब. राखाडी, किडकिडीत आणि नाकावर माशी बसू न देणारी. मी वीस वेळा हाक मारली तर एकदा कान हलवायची, तोही उपकार केल्यासारखा.

मागच्या वर्षी बायको आजारी पडली. एका ऑपरेशनचं निमित्त झालं, पण जखम भरली तरी बाई उठेना. सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेव म्हटलं तर दोन घास, बोल म्हटलं तर ‘हं’. डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून बघितल्या. मी तर पार रडकुंडीला आलो होतो. एके दिवशी खिडकीतून ही बाईसाहेब आत आली आणि तिच्या पायाशी वेटोळं करून झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. चौथ्या दिवशी मी शिवत बसलो होतो, तर आतून भांड्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर बायको ओट्यापाशी उभी! म्हणाली, ‘तिला भूक लागली असेल हो.’ सहा महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून उठली होती. डॉक्टर म्हणतात गोळ्या लागू पडल्या. म्हणोत बापडे. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की ही मांजर आहे तोवर माझी बायको आहे.

मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाची तीन घरं पाडून सहा मजल्यांची इमारत झाली. चाळीस-पन्नास कुटुंबं राहायला आली, त्यांच्या गाड्या आल्या आणि गाड्यांवर मुकादमाच्या पायांचे ठसे उमटले. झालं! रहिवाशांची बैठक भरली. सचिवसाहेब त्याच इमारतीत राहतात, अतिशय गोड बोलणारा माणूस. म्हणाले, ‘काका, आमचा मांजरांवर राग नाही. पण मुलांच्या खेळायच्या वाळूत घाण असते. एक ठेकेदार आहे, तो गाडीतून उचलून नेतो आणि दूर सोडतो.’

माझं टाळकं सटकलं. मी उभा राहून वाट्टेल ते बोललो. ‘तुमच्या गाड्या आल्या काल, ही मांजरं आहेत पंधरा वर्षांची! तुम्हालाच उचलून दूर सोडायला हवं!’ चार जण हसले. सचिवसाहेबही हसले. म्हणाले, ‘पाळीव मांजर असेल तर आम्ही हात लावणार नाही. पण पाळीव ओळखायचं कसं?’

‘गळ्यात पट्टा असेल ते पाळीव,’ मी म्हणालो.

हा नियम माझ्या तोंडून निघाला. त्यांनी तो लगेच लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फळ्यावर लागला. पट्टा नसलेली मांजरं उचलली जातील, गाडी कोणत्याही दिवशी येईल. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘बघ, कसं गुंडाळलं एकेकाला!’ ती हसली. तिचं हसू बघून माझा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी मी दोन पट्टे शिवायला घेतले. दप्तराच्या पट्ट्यांची जाड नायलॉनची पट्टी होतीच. तिला बक्कल लावलं आणि जोडावर चौकोन शिवून आत फुली मारली, वर पुन्हा दुहेरी शिवण. हा टाका माझी खासियत. मुलं दप्तरं फरफटत नेतात, दप्तर फाटतं पण माझा टाका सुटत नाही. मुकादमाला लाल, बाईसाहेबांना निळा. बायको म्हणाली, ‘जरा घट्टच वाटतोय का?’ मी म्हणालो, ‘सैल असेल तर निघून येईल. तू शिवणीतलं मला शिकवू नकोस.’

नऊ दिवस झाले. सकाळी दुकान उघडत होतो, तर नव्या इमारतीचा वॉचमन धावत आला. ‘काका, जरा येता का? काकूंना नका सांगू.’

इमारतीच्या कंपाउंडला लोखंडी भाल्यांचं कुंपण आहे. तिथे वाळूचा ट्रक आला होता. मुकादम नेहमीसारखा देखरेख करायला निघाला असणार. कुंपणावरून उडी मारताना पट्टा भाल्याच्या टोकात अडकला होता आणि तो पलीकडच्या बाजूला लोंबकळत होता. जमीन मागच्या पायांपासून हातभरही लांब नव्हती. वॉचमनने खालून उचलून धरला आणि मी कात्रीने पट्टा कापला. दोनदा कात्री घसरली, इतकी मजबूत पट्टी. माझी चौकोनाची शिवण जशीच्या तशी होती. एक धागा हललेला नव्हता. त्या शिवणीवर मी थुंकलो, अक्षरशः थुंकलो.

जीव असेल अशा वेड्या आशेने त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेला. कंपाउंडरने हातात घेतला आणि मान हलवली. मग पट्टा उलटसुलट करून बघितला. ‘हा कुत्र्याचा पट्टा झाला हो. मांजर उड्या मारतं, अडकतं. त्याचा पट्टा झटका बसला की सुटायला हवा. कोणीही सांगितलं असतं.’

मी कोणाला विचारलंच नव्हतं.

मुकादमाला आम्ही घरामागे पुरलं. मला वाटलं होतं, बायको मला बोलेल. बोलायला हवी होती. ती एवढंच म्हणाली, ‘तिच्या गळ्यातला काढा आधी.’ मी बाईसाहेबांचा पट्टा कापून टाकला.

आता ती बिनपट्ट्याची आणि गाडी कधीही येणार. दोन दिवस तिला घरात कोंडली. पण जन्मभर उंबऱ्याबाहेर राहिलेलं जनावर ते, ओरडून ओरडून घसा बसला तिचा, दार खरवडून पंजातून रक्त आलं. शेवटी बायकोनेच खिडकी उघडली. म्हणाली, ‘मला बघवत नाही.’

मग मी सुटणारा पट्टा शिवायला बसलो. अहो, अडतीस वर्षं मी पक्कं शिवत आलो. कच्चा टाका मी फक्त मापापुरता घालतो आणि काम झालं की उसवून टाकतो. आता तोच पक्का मानून शिवायचा होता. बाईसाहेबांचं वजन तीन किलो. मी पट्टा खिळ्याला अडकवला आणि खाली बटणं भरलेली दोन किलोची पिशवी टांगली. टाका तुटला नाही. दोरा बदलला, टाके कमी केले, पुन्हा टांगली. पिशव्या पडत होत्या, बटणं घरभर उधळत होती आणि बायको ती गोळा करून पुन्हा पिशवीत भरत होती. सातव्या पट्ट्याला जमलं. चारच टाके, साध्या सुती दोऱ्याचे. झटका बसला की टक्कन सुटायचा. आपण वाईट शिवलं म्हणून आनंद झालेला मी जगातला पहिलाच टेलर असेन.

तो पट्टा तीन दिवसांत दोनदा निघाला. एकदा झुडपात सापडला, एकदा शेजारच्या जिन्यात. तिने नुसतं मागच्या पायाने खाजवलं तरी सुटत असणार. पण टाके वाढवायला माझा हात धजेना. एक टाका वाढवला की डोळ्यांसमोर ते कुंपण यायचं. म्हणून ठरवलं, टाके चारच राहू देत, आपण लक्ष ठेवायचं. दिवसातून पाच-सहा वेळा मी बाहेर जाऊन तिची मान तपासायचो. सुटला की लगेच शिवून घालायचा. दोरा ओवलेली सुई मी शर्टाच्या खिशालाच टोचून ठेवली होती.

मंगळवारी बायको औषधं आणायला गेली होती. रस्ता खोदायला घेतलेला, धूळ नको म्हणून दुकानाचं दार लोटलेलं. मी एका पोराची पँट करत होतो. त्याला बारा वाजता मुलाखतीला जायचं होतं. पायाची लांब शिवण चालू होती आणि दारावर खरखर झाली. ती आली की तशीच करायची. पंजाने दोनदा, मग थांबायचं, मग पुन्हा दोनदा.

‘थांब गं, आलो,’ मी म्हणालो.

चालू शिवणीतून मी उठत नाही. मला शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी लावलेली सवय. मधे थांबलं की टाक्याची ओळ मोडते आणि नजर असलेल्याला ती दिसतेच. पुन्हा खरखर झाली. मी म्हणालो, ‘अगं हो हो.’ बाहेर एक गाडी थांबल्याचा आवाज आला. खोदकामाचीच असेल, असं वाटलं. मी शिवण पूर्ण केली, दोरा कापला, उठून दार उघडलं.

पायरीवर निळा पट्टा पडलेला होता. चारही टाके व्यवस्थित सुटलेले, अगदी मी शिवले होते तसे. आणि गल्लीच्या टोकाला जाळीची गाडी वळत होती.

मी पळालो. चप्पल नाही, गळ्यात टेप तशीच. ‘थांबा! पाळीव आहे! पट्टा आहे तिला, हा बघा पट्टा!’ ओरडून ओरडून छातीत कळ आली. गाडी थांबली नाही. सचिवसाहेबांना फोन केला. ते आवाज मऊ करून म्हणाले, ‘काका, मला खरंच वाईट वाटतंय. पण गळ्यात पट्टा नव्हता ना? नियम तर तुम्हीच सुचवला होतात.’ त्यांनी गाडीवाल्याचा नंबर दिला. गाडीवाला म्हणाला, जुन्या दगडाच्या खाणीपलीकडे सोडली, आधीची पंचवीस-तीसही तिथेच आहेत, कोणती कुठे गेली ते त्याला माहीत नाही.

पाच संध्याकाळी मी त्या खाणीवर गेलो. शेवटच्या बसस्टॉपपासून अर्धा तास चालायचं. हातात डबा, तोंडाने ‘बाईसाहेब, बाईसाहेब’. तिथे झाडझुडूप नाही, पाणी नाही, नुसते दगड आणि कुत्र्यांची टोळी. पहिल्या दिवशी लांबून दोन मांजरं दिसली, तिसऱ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी एकही नाही. मी तिथेच डबा ठेवून दगडावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. पुन्हा गेलो नाही.

बायको पहिले दोन दिवस खिडकी उघडी ठेवून बसली होती. तिसऱ्या दिवशी आडवी झाली. आता भिंतीकडे तोंड असतं. दोन घास. ‘हं’.

काल मी तिला गोळी द्यायला गेलो. गोळी हातात घेऊन ती म्हणाली, ‘अहो, पट्टा कुठे पडला होता म्हणालात?’

‘पायरीवर.’

‘आपल्या पायरीवर? म्हणजे दाराशी आली होती ती?’

खोटं बोलता आलं असतं. शंभर खोटी उत्तरं तयार होती माझ्याकडे, आठवडाभर मी तीच घोकत होतो. पण ती माझ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघत होती.

‘आली होती,’ मी म्हणालो. ‘दार वाजवलं तिने. मी ऐकलं.’

‘मग?’

‘शिवण चालू होती.’

मग तिने विचारलं, ‘किती राहिली होती?’

‘वीतभर.’

तिने गोळी माझ्या हातात परत ठेवली आणि भिंतीकडे वळली. मी आज सकाळपासून तीनदा चहा नेऊन ठेवला. तिन्ही कप तसेच गार झाले आहेत.