प्रार्थनेची जोडी

दंगलीमुळे चर्चला कुलूप लागलं, तेव्हा पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या टाकून आमच्या जोड्या लावल्या. रोज सकाळी सातला एकाने दुसऱ्याला फोन करायचा आणि मिळून प्रार्थना करायची. माझ्या नशिबी आला मोजपट्टी, म्हणजे आमच्या कारखान्याचा रिटायर फोरमन. केसभर चुकीसाठी याने मला लेथवरून उठवून घरी बसवलं होतं. ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याबरोबर मी चाळीस दिवस दातओठ खात आमेन म्हणत होतो.

त्या दिवशी त्याने फोन उचलला नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," मी म्हणालो.

"अहो, एकटे राहतात ते. परत लावा," बायको म्हणाली.

लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा तेच. याची काळजी वाटतेय याचाच मला राग आला. संचारबंदी नऊपर्यंत शिथिल होती. मी निघालो.

नाक्यावर पोलिसाने अडवलं. "कुठे? कोण लागतात?"

काय सांगणार, कपाळ? "आमच्या मंडळीतले आहेत," म्हणालो. त्याने तासभर बसवून ठेवलं.

मोजपट्टीचं दार आतून बंद होतं. हाका मारल्या तर आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. तो बाथरूमच्या दाराशी पडला होता, एक पाय वेडावाकडा, पण शुद्धीवर. फोन पलंगावर होता. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, रस्ता मोकळा झाला की येतो. बाहेर भोंग्यावरून घोषणा झाली, दहा मिनिटांत घरी जा. मी बायकोला कळवलं, थांबतोय.

"साहेब, पडलात कसे?"

"फोन वाजला म्हणून धावलो. पाय ओले होते." त्याला धाप लागली. "तू दोनच रिंग देतोस ना. रोज पावणेसातपासून फोन हातात धरून बसतो. आज उशीर झाला."

खरं होतं. दोन रिंगांत उचलला नाही तर आपण सुटलो, असं मी ठरवलं होतं. चाळीस दिवसांत एकदाही का सुटलो नाही, ते आता कळलं. लाजेने मान वर होईना.

"प्रार्थना राहिलीय," तो म्हणाला.

मी फरशीवर गुडघे टेकले. रोज घडाघडा म्हणायचो ते शब्द येईनात. "प्रभू, हे कोणामुळे पडले ते तुला ठाऊक आहे," एवढं बोललो आणि रडायला लागलो.

"सावकाश होऊ दे," साहेब म्हणाले. "आज कुठे जायचंय?"