जॅकच्या अंगावरचं तेल

मित्रांनो, कपाळाला दरवर्षी कुंकू लागणारा, पण पोटातलं दुखणं कुणाला सांगता न येणारा असा मी एक जुना जॅक आहे. दिसायला वीतभर, बाटलीसारखा गोल. दांडा खालीवर केला की माझ्या पोटातलं तेल दाबलं जातं आणि माझं डोकं वर येतं. त्या डोक्यावर मी पाच टन तोलतो. ही बढाई नाही, माझ्या अंगावर तसं कोरलेलंच आहे.

जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यातला. भोरच्या बाजारातून मला हनुमंतरावांनी घेतलं. भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. ते ट्रक चालवायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामात फार जपून वागणारा. मी गाडी उचलली की लगेच तिच्याखाली बाभळीची घोडी, म्हणजे जाडजूड लाकडी टेकू, सरकवायचे आणि म्हणायचे, "जॅक उचलतो, धरत न्हाई. धरायला घोडीच पायजे." मला तेव्हा राग यायचा. आता कळतं, माझी खरी पारख त्या एकाच माणसाला होती.

हनुमंतराव गेले, ट्रक विकला गेला आणि मी गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे पडलो. घोडीचं नशीब माझ्याहून फुटकं. एका पावसाळ्यात सुकं सरपण मिळेना, तेव्हा ती बंबात जळाली. माझ्या पोटातलं रबरी वायसर हळूहळू वाळलं, चिरलं. मात्र खंडेनवमीला हनुमंतरावांच्या पत्नी रतनबाई मला न चुकता बाहेर काढत. कोयता, विळा, कुदळ यांच्या रांगेत मला बसवत आणि शनिवारी मारुतीला घालावं तसं माझ्या डोक्यावर वाटीभर करडईचं तेल घालत. मला बरं वाटायचं. आत बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

यंदा त्यांच्या मुलानं, अमृतनं, पिकअप घेतली. वस्तीचा रस्ता पावसानं पार उखडलेला, दगडांना गाडीचं पोट घासायचं. भात काढणीला आलं होतं. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालून गाडी चार बोटं उंच करायची, असं अमृतनं ठरवलं. तेही घरीच, दसऱ्याच्या मुहूर्तावर. आदल्या दिवशीचं कुंकू कपाळावर तसंच घेऊन मी अंगणात आलो.

अमृत अडाणी नव्हता. पुढच्या चाकांना त्यानं दगड लावले, माझ्याखाली जाड फळी ठेवली. मी गाडी उचलली. त्यानं मागचं चाक काढून बाजूला टाकलं, तिथंच स्टेपनी पडली होती. पाट्यांचे बोल्ट सैल केले आणि तो छातीपर्यंत गाडीखाली शिरला. घोडी? घोडी कुठून येणार!

थोड्याच वेळात माझ्या पोटात चिरलेल्या जागी कळ उठली. तेल झिरपू लागलं. मी जीव खाऊन धरलं, मित्रांनो, पण लोखंडाला हट्ट करता येत नाही. केसभर, मग सूतभर, माझं डोकं खाली येऊ लागलं. तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

अमृतची बायको सुलक्षणा आपट्याची पानं घेऊन आली. तिची नजर माझ्यावर पडली. "अवो, ह्याच्या अंगावरनं तेल वघळतंय!"

"आईनं काल पूजेत घातलंय ते," अमृत खालूनच म्हणाला.

"व्हय गं, म्याच घातलंय की वाटीभर," ओट्यावरून रतनबाईंनी दुजोरा दिला.

मी हादरलो. ज्या तेलानं माझा मान केला, त्याच तेलाआड माझं दुखणं लपलं होतं!

सुलक्षणा दोन पावलं गेली आणि परत फिरली. वाकून तिनं ते तेल बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. "आत्याबाई, करडईचं तेल काळं कधीपासनं झालं? अवो, बाहेर या!"

"एकच बोल्ट ऱ्हायलाय. ह्यो बघ, आलोच."

नवऱ्याशी वाद घालण्यात ती वेळ दवडणारी नव्हती. काढलेलं चाक तिनं गाडीच्या सांगाड्याखाली ढकललं, आणि सगळं बळ लावून स्टेपनी त्याच्यावर आडवी सारली. "मधी कशाला आणतीस गं हे?" अमृत कुरकुरला. त्याच क्षणी माझं वायसर फाटलं.

मी खाली बसलो. गाडी धाडकन आली आणि त्या दोन चाकांवर अडली. अमृतच्या छातीवर वीतभर जागा उरली होती. तो सरपटत बाहेर आला, तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

रतनबाई धावत आल्या आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवत रडू लागल्या. "माझ्याच हातानं घात झाला असता रे!"

"घात पूजेचा न्हाई, आत्याबाई," सुलक्षणा धापा टाकत म्हणाली. "मामंजींची घोडी आपुन बंबात घातली. नुसत्या जॅकवर इसंबलो."

 दुसऱ्या दिवशी अमृतनं मला नसरापूरला नेलं. कारागिरानं माझं पोट उघडलं, नवी वायसरं घातली, ताजं तेल भरलं. येताना अमृतनं दोन लोखंडी घोड्या आणल्या. त्या गाडीखाली बसल्या, मगच तो पुन्हा खाली शिरला. मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, जुन्या अवजाराला कुंकू जरूर लावा. पण आधी ते पुसा, त्याच्या पोटात काय चाललंय ते बघा, आणि त्याला झेपेल तेवढंच त्याच्याकडून मागा. आता सुलक्षणा मला गोठ्यात ठेवताना माझ्याखाली कोरा कागद घालते. गाडी उचलायची असली की अमृत आधी तो कागद उचलून उजेडात धरतो. कागद कोरा दिसेपर्यंत, खरं सांगतो, माझ्याही जिवात जीव नसतो.