तिकडून इकडे

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं, आता आपलीही उंची वाढणार. वाढला तो फक्त रस्त्यावरचा वेग. पूर्वी मुख्य रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्या, सायकली, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया अन् दोन-चार ट्रक एकमेकांना शिव्या घालत का होईना, पण सांभाळून चालायचे. मग साहेबांच्या गाड्या आल्या, साहेबांना भेटायला येणाऱ्यांच्या आल्या, संत्र्याचे ट्रक तर होतेच. एका वर्षात सात जणांना गाड्यांनी उडवलं, एक शाळकरी पोरगी कायमची लंगडायला लागली, तेव्हा कुठं रस्ता नव्यानं बांधायचं ठरलं. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी फुटपाथ, सायकलींना वेगळा पट्टा, मधोमध दुभाजक आणि दुभाजकावर छातीएवढी जाळी. ओलांडायला फक्त ठरावीक ठिकाणी मोकळी वाट.

ही वाट कुठं ठेवायची यावर गावात जितकी तोंडं तितक्या वाटा निघाल्या. प्रत्येकाची वाट नेमकी त्याच्या दुकानासमोरून जात होती. शेवटी रस्त्याचा नकाशा घेऊन आलेल्या इंजिनियर तेजस्विनी मॅडमनं सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, माणसं जिथं खरंच ओलांडतात तिथं वाट. शाळेपाशी ती होणारच. बाकी पाच जागी तीन दिवस मोजायचं. तीनशे भरले तर वाट, नाही तर जाळी.

जुन्या पाण्याच्या टाकीजवळची मोजणी तिथंच राहणाऱ्या मनोहर खोब्रागडेंकडे आली. मनोहरबाबूंनी एकतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूची वही सांभाळली होती. त्यांच्या वहीत माणूस एकदा मेला की मेला, पेन्शन घ्यायला पुन्हा उठत नसे. अशा माणसाचा आकडा कोण खोडणार?

मॅडमला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. टाकीजवळच्या वाटेची गावाला गरज असेल-नसेल, मनोहरबाबूंना होती. बायको मालतीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा प्रवीण भोपाळला, रविवारी फोन करायचा आणि पाचव्या मिनिटाला त्याला कुणीतरी हाक मारायचं. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघंही न बोलणारे. उरलेल्या दिवसात एकच घटना घडायची. चार वाजता रस्ता ओलांडून समोरच्या भाऊरावांकडे चहा. सकाळ ही चहाच्या आधीची आणि संध्याकाळ चहानंतरची, असा साधा हिशेब होता. वाट झाली नाही तर शाळेपर्यंत जाऊन वळसा घालायचा, सातशे पावलं जायला, सातशे यायला. मनोहरबाबूंना दमा होता. शंभराव्या पावलाला छाती शिट्टी वाजवायची.

भाऊराव बागवाले. बाराशे संत्र्याची झाडं, मोठा ओटा, ओट्यावर झोपाळा. तिथं मनोहरबाबूंचा कपसुद्धा ठरलेला होता, निळ्या कडेचा. तो दुसऱ्या कुणाला कधी देत नसत. मनोहरबाबू इतकी वर्षं याला मान समजत आले होते.

मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी तोच कप हातात धरून सांगितलं, “भाऊरावजी, उद्यापासून तीन दिवस मी येत नाही. आठ ते सहा खुर्ची सोडायची नाही म्हणते मॅडम. तुमीच या ना तिकडं. चहा मी करतो.”

“तुमच्या हातचा चहा?” भाऊराव हसले. “मले दवाखान्यात पाठवता का बाबू?”

“या तर खरं.”

“पाहू ना. गुडघा लय त्रास देऊन राहिला.”

हा गुडघा त्यांच्या चहाएवढाच, बावीस वर्षं जुना होता. मालतीबाईंच्या तेराव्या दिवशी बुद्धवंदनेला अर्धं गाव आलं होतं, तेव्हाही तो दुखत होता.

मोजणीच्या कागदावर दोन रकाने होते, ‘इकडून तिकडे’ आणि ‘तिकडून इकडे’. माणसानं रस्ता ओलांडला की एक उभी रेघ, पाचवी आडवी. पहिल्या दिवशी आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या मनोहरबाबूंना मजा आली. सारी दुनिया समोरून जाते आणि तिला माहीतही नसतं की आपण एक रेघ आहोत. दूधवाला दोन रेघा. लसणाची पाटी घेऊन जाणारी मनकर्णाबाई सहा रेघा, कारण गिऱ्हाइकाशी भांडून ती दर वेळी परत यायची.

“काय मांडून राहिले बाबूजी?” तिनं विचारलं.

“तुझ्या फेऱ्या.”

“मोजा बापा. घरच्यायनं कधी मोजल्या नाही.”

चार वाजता समोरचा झोपाळा हलत होता. झोपाळ्यावरून कुणी उतरलं नाही. पहिल्या दिवसाची बेरीज अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना भाऊराव ओट्यावरून उतरले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते ट्रक जायची वाट पाहू लागले.

मनोहरबाबू खुर्चीतून उठले. एकतीस वर्षांत कामाची जागा सोडून उठले नव्हते, ते आता उठले. आत जाऊन गॅस पेटवला, दोन माणसांचं दूध-पाणी ठेवलं, आलं सापडेना म्हणून वेलदोडा कुटला, फडताळातले मालतीबाईंचे चांगले कप काढून विसळले. सांडशी खुंटीला आहे ना, ते पाहून ठेवलं. मग सदऱ्याला हात पुसत बाहेर आले.

भाऊराव रस्ता ओलांडून इकडे आले होते. शेजारच्या रामाजींच्या पायऱ्या चढत होते, तीन पायऱ्या, कठड्याला हात न लावता. रामाजींच्या नातीचं बारसं होतं.

“काय बाबू, आम्हाले मोजलं का नाही?” त्यांनी वरूनच विचारलं आणि आत गेले.

आतून हसण्याचा आवाज आला, भांड्यांचा आला. भाऊराव मोठ्यानं चहा मागत होते, साखर जास्त टाका म्हणत होते. कुणी त्यांच्यासाठी ठरलेला कप शोधत बसलं नाही. जो हाताला लागला तो दिला असणार. मनोहरबाबूंना निळी कड आठवली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा हिशेब लागला. हिशेब सोपा होता. एवढ्या हुशार कारकुनाला तो आधी लागला नाही, कारण त्याला तो लावायचा नव्हता.

स्वयंपाकघरात दूध-पाणी उतू जाऊन गॅस विझला होता. त्यांनी बटण बंद केलं, खुर्चीवर येऊन बसले आणि ‘तिकडून इकडे’च्या रकान्यात एक रेघ मारली. तासाभरानं भाऊराव परत गेले. तेव्हा दुसऱ्या रकान्यात एक. दोन्ही रेघा सरळ आल्या. सरकारी हात होता.

चौथ्या दिवशी सकाळी तेजस्विनी आली, ओट्यावरच मांडी घालून बसली आणि बेरीज केली.

“काका, दोनशे चौऱ्याण्णव. सहा कमी.”

“हो.”

“अरेरे.” तिनं पेन गालाला लावलं. “पण तुम्ही स्वतः रोज ओलांडता ना? समोरचे भाऊराव सांगत होते, चारला चहाला येतात म्हणून. जाऊन-येऊन दोन, तीन दिवसांचे सहा. तुम्ही मोजायला बसलात म्हणून गेला नाहीत. ते धरले तर बरोबर तीनशे होतात. नियमात बसतं, मी तसा शेरा लिहीन.”

किती सोपं होतं. बसल्या जागी वाट होत होती. समोर झोपाळा रिकामा हलत होता. मनोहरबाबूंनी कागदाकडे पाहिलं. त्यांच्या त्या सहा रेघा खोट्या नव्हत्या. पण त्या लिहिल्या तर कुणासाठी लिहायच्या, हे त्यांना कळेना.

“नका धरू,” ते म्हणाले.

“अहो, पण का?”

“मी गेलो नाही. जो गेला नाही तो लिहायचा नाही. अन् एक लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला पाचेक मिनिटं मी खुर्चीवर नव्हतो.”

“काही काम होतं?”

“हो. घरात पाहुणे येणार होते.”

दोन महिन्यांत दुभाजक झाला, जाळी बसली. रस्ता खरोखर चांगला झाला, उगीच नावं कशाला ठेवा. मनकर्णाबाई फुटपाथवरून राणीसारखी चालायला लागली. शाळेपाशी गाड्या थांबायला शिकल्या. ती लंगडणारी पोरगी आता वडिलांचा हात न धरता ओलांडायची.

जाळी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला.

“काऊन बाबू, येणं सोडलंच का? बसून बसून कंटाळलो.”

“दूर पडते भाऊरावजी. छाती भरून येते.”

“तुमीच तर मोजाले बसले होते. सहाच कमी पडले म्हणे. दोन-चार रेघा इकडच्या तिकडं नाही करता आल्या?”

“तुमच्या दोन लिहिल्या ना.”

“माह्या?”

“रामाजीकडं बारसं होतं, त्या दिवशी. एक येतानाची, एक जातानाची.”

संत्र्याचा एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मनोहरबाबूंना तो दोनदा ऐकू आला, एका कानाला रस्त्यावरून आणि दुसऱ्या कानाला फोनातून.

“मंग,” भाऊराव म्हणाले, “चहा झाला का तुमचा?”

“होऊन राहिला.”

“बरं बरं.”

फोन दोघांनीही ठेवला नाही. जाळीच्या दोन बाजूंना दोन म्हातारे कानाला फोन लावून बसले होते, आणि मधून गाड्या व्यवस्थित, आपापल्या पट्ट्यातून, जात होत्या.