रिकाम्या कॅमेऱ्याचा धाक

बेट एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची माणसं "कोण आजारी?" म्हणून विचारायची. तिथे लग्न होऊन आलेल्या सुनेला सगळे फोटोवालीच म्हणत. माहेरी तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिचं अर्धं आयुष्य लोकांना "मान वर, हनुवटी खाली, हलू नका" असं सांगण्यात गेलं होतं. ती निघाली तेव्हा वडिलांनी आपला रोलचा जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ओळीत उभी केलेली माणसं मी जन्मभर पाहिली. तू तुझ्या घरातली चालतीबोलती माणसं पाठव."

सांगणं सोपं होतं. इथे कॅमेरा दिसला की सासरची माणसं खांबासारखी ताठ व्हायची. सासरे, म्हणजे अण्णा, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे; ते काळे हात पाठीमागे लपवून पासपोर्टच्या फोटोचा चेहरा करायचे. सासूबाई हातातलं लाटणं टाकून केस सारखे करत बसायच्या. नवरा लाँचवर तिकिटं फाडायचा. तो दूर समुद्राकडे असा काही बघायचा, की जणू तिकडून कुणीतरी त्याला नाव घेऊन बोलावतंय.

मग ती लपूनछपून फोटो काढायला शिकली. दाराच्या फटीतून, वाळत घातलेल्या चादरीआडून. इंजिनात डोकं खुपसलेले अण्णा. भांडी आपटत स्वतःशीच भांडणाऱ्या सासूबाई. छत्तीस फोटो झाले, रोल संपला, आणि नेमका त्याच दिवशी वारा फिरला. लाँच बंद पडली ती तीन आठवडे. नवा रोल येणार कुठून?

पण हाताला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी अंगणात एक गंमत दिसली. कमरेत लचक भरली म्हणून आठवडाभर पाण्याची बादली न उचललेला तिचा नवरा कुंपणावरून टुणकन उडी मारून आला. तिने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटका दाबला. क्लिक.

नवरा जागच्या जागी थिजला. मग हळूच जवळ येऊन म्हणाला, "आईला दाखवू नकोस हं."

"बघू," ती म्हणाली.

त्या दिवशी भांडी नवऱ्याने घासली. दुसऱ्या दिवशीही. कॅमेऱ्यात रोल नाही, हे सांगायचं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण चकचकीत घासलेली कढई बघून तिने ते परत गिळलं.

पुढे तिला चटकच लागली. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या सासूबाई साखरेच्या डब्यात बोट घालताना सापडल्या. क्लिक. तेव्हापासून सकाळचा चहा सूनबाईंना अंथरुणात मिळू लागला. घरातली माणसं तिच्याशी इतकी गोड वागू लागली, की तिला आरशात स्वतःकडे बघायची जरा लाजच वाटायची. जराच.

आता या घरातलं एक जुनं दुखणं सांगायला हवं. अण्णांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे भाऊकाका म्हणत, भिंतीपलीकडेच राहायचे. त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचं एका शिडीवरून वाजलं. शिडी कुणाची, हा वाद. तेव्हापासून अबोला. दोघं एकाच अंगणात समोरासमोर उभे असले तरी बोलणं सासूबाईंमार्फत व्हायचं.

"सांग तुझ्या दिराला, त्याच्या कोंबड्या माझ्या शेडमध्ये घाण करतात."

"वहिनी, त्यांना म्हणावं, शेडमधली आपली शिडी कोंबड्यांना ओळखू येते. त्या आपल्या घरी जातात."

सासूबाई बिचाऱ्या मध्ये उभ्या राहून मान इकडून तिकडे फिरवायच्या.

लाँच बंद म्हणजे दर पंधरवड्याला येणारा न्हावीही बंद. बेटावरची पुरुष मंडळी झुडपांसारखी वाढली होती. अशाच एका दुपारी फोटोवाली कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिची नजर बोटींच्या शेडमागे गेली. उलट्या ठेवलेल्या होडीवर अण्णा गळ्याला पंचा गुंडाळून बसले होते. मागे उभे राहून भाऊकाका त्यांचे केस कापत होते. कापता कापता त्यांनी अण्णांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि अण्णा इतके खदखदून हसले, की भाऊकाकांना त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं.

तिचा हात आपोआप उठला. क्लिक. दुपार अशी शांत, की आवाज खालपर्यंत गेला. दोघांनी एकदमच वर पाहिलं.

अण्णा संध्याकाळच्या आत आले. घरात कुणी नाही असं बघून म्हणाले, "सूनबाई, तो फोटो फाडून टाक. आमचं मिटून नऊ वर्षं झाली."

"मग आईंना सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडाने? सुरुवातीला एक दिवस राहिलं, मग एक महिना. आता सांगितलं तर ती विचारेल, की नऊ वर्षं मला निरोप्यासारखं का पळवलंत? तू ओळखत नाहीस तिला." बोटीच्या इंजिनाला न घाबरणारा माणूस कपाळाचा घाम पुसत होता.

भाऊकाका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ती मनात तयारीच करून बसली होती, की आता यांच्याकडून काय उकळावं. पण ते दारातच घुटमळले.

"त्या फोटोची एक प्रत मला देशील? आम्हा दोघांचा एकत्र एकच फोटो आहे, शाळेतला. त्यात मी हललोय. माझ्या जागी नुसता धूर दिसतो."

नवऱ्याला, सासूबाईंना फसवताना काही वाटलं नव्हतं. यांना फसवणं जमेना. तिने कॅमेरा उघडून रिकामं पोट दाखवलं. "काका, तीन आठवडे यात रोलच नाही."

भाऊकाका दाराची चौकट धरून असे हसू लागले, की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे आख्खं घर तू वाऱ्यावर नाचवलंस! बरं, लाँच उद्या सुटतेय. रोल मागव. मी त्याला पुन्हा बसवतो."

"पण केस तर कापून झाले."

"मागून वेडेवाकडे राहिलेत, असं सांगतो."

दोन दिवसांनी रोल आला. अण्णांना काहीच माहीत नव्हतं. ते भरवशाने पुन्हा होडीवर बसले. भाऊकाका कापायचे, तिच्याकडे बघायचे, ती शेडच्या आडून बोटानेच "अजून" अशी खूण करायची, कारण अण्णा काही हसेनात. कात्री चालतच राहिली. मागची बाजू पार गोटा व्हायला आली तेव्हा भाऊकाकांनी शेवटी कोंबड्यांची काहीतरी गोष्ट काढली. अण्णांच्या गालाला खळी पडू लागली, आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावरून सासूबाई आल्या.

कात्री हवेतच थांबली. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवले.

"आधी तू फोटो काढ," त्या म्हणाल्या. "मग मी बोलते."

तिने फोटो काढला. त्यानंतर सासूबाई जे बोलल्या ते त्या घरात कुणी पुन्हा उच्चारलं नाही. शेवटी दोघांच्या अपराधाबरोबर सुनेचा रिकामा कॅमेराही बाहेर आला, आणि निकाल लागला. सासूबाई दोन्ही भावांशी बोलणार नाहीत. काय सांगायचं असेल ते सूनबाईंनी पोहोचवायचं. चहा बंद. भांडी परत तिच्याकडे.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, डोकं झाका म्हणावं. हातातलं काम सोडून तिकडेच लक्ष जातं."

फोटोवालीने शेडमध्ये जाऊन सांगितलं, "आई म्हणतात, केस असे बारीक छान दिसतात. कामात लक्षच लागत नाही म्हणतात."

अण्णा कानापर्यंत लाल झाले. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी अण्णा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून थेट स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू माझं एवढं कौतुक करत राहिलीस, तर मी लाजून मरेन."

सासूबाईंनी सुनेकडे मान वळवली. "काय सांगितलंस तू यांना?"

तिने खाली मान घालून सगळं कबूल केलं. अण्णा हळूच काढता पाय घेऊन निघून गेले. सासूबाईंनी कणकेच्या गोळ्यावर एक गुद्दा हाणला.

"अगं, तुला काय वाटलं?" त्या म्हणाल्या. "दोघं समोरासमोर नसले, की हे म्हणायचे, मूर्ख आहे तो. मी भाऊजींना जाऊन सांगायचे, तुमची आठवण काढतात. भाऊजी म्हणायचे, तोंड बघणार नाही. मी यांना सांगायचे, तब्येत कशी आहे विचारतोय. दोन वर्षं घसा कोरडा केला. आपोआप बसले का ते होडीवर जाऊन? आणि माझं काम फत्ते झालं तर मलाच कुणी सांगितलं नाही!"

फोटोवाली बघतच राहिली. तिला आपला तीन आठवड्यांचा प्रताप एकदम पोरखेळ वाटला.

"आता बघत काय राहिलीस?" सासूबाई पिठाने माखलेला हात नाचवत म्हणाल्या. "जा, भाऊकाकांना सांग, आज इकडेच जेवायला या. आणि हे जसंच्या तसं सांग. तुझी अक्कल लावू नकोस."