सेल न खाणारी मशीन

बाबनरावांनी नवी कोरी मशीन डब्यासकट काउंटरवर ठेवली आणि बोटानं हळूच मधुसूदनकडे सरकवली. जुनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. तिची वायर कानापर्यंत गेलेली होती, आणि आज काहीही झालं तरी ती तिथून निघणार नव्हती.

"ही घ्या परत. माही जुनीच बरी आहे."

मधुसूदनचं धंतोलीत कानाच्या मशिनींचं छोटंसं दुकान होतं. गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी, त्यामुळे घाई न करण्याची त्याला सवय झाली होती.

"काका, तुम्ही उलटं करून राहिले. जुनी परत द्या लागते. नवी तुमची."

"मले समजते ना. पत्र वाचलं मी."

पत्र त्यांनी चारदा वाचलं होतं. त्या खेपेच्या मशिनींमध्ये दोष सापडला आहे, बदली मशीन सोबत पाठवत आहोत, जुनी विक्रेत्याकडे जमा करावी. कंपनीनं मोठ्या अदबीनं माफीही मागितली होती. माफी कशाची ते मात्र बाबनरावांच्या लक्षात येईना. तेहतीस वर्षं कापडमिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते. त्या कानांना या मशिनीनं आठ महिने सुखात ठेवलं होतं. मुलानं ती इथून घेऊन दिल्यापासून ते गोळीबार चौकातल्या प्रत्येक लग्नात पुढच्या रांगेत बसत होते आणि लोकांच्या गप्पांना बिनचूक उत्तरं देत होते. दुसऱ्यांच्या मशिनी म्हणे खरखरतात, शिट्ट्या मारतात. यांची शहाण्यासारखी गप्प. फालतू आवाज घेत नाही, कामाचं बोलणं तेवढं घेते, असं ते शेजारच्या महादेवरावांना वायर दाखवून सांगत.

आणि ही नवी! घालून दोन दिवस झाले होते, आणि त्यांचं डोकं उठलं होतं. नळ, कावळे, भांडी, सायकलरिक्षाच्या घंट्या, सगळं एकदम कानात घुसत होतं. तेही त्यांनी सोसलं असतं. साच्यांच्या धडधडीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाजाचं काय भेव? पण नव्या मशिनीत अनुसयाबाईंचा आवाज येत नव्हता. कावळ्याचा येतो, महादेवरावांच्या खोकल्याचा येतो आणि बायकोचा तेवढा येत नाही. जुन्या मशिनीत तो येत होता, लख्ख, गोड, थोडासा फणकाऱ्याचा. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसानं बायकोच्या आवाजासाठी कंपनीशी भांडायचं, हे सांगायला तोंड कुठून आणायचं?

अनुसयाबाई भिंतीलगतच्या बाकावर भाजीची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवऱ्यानं आपल्याकडे पाहिलं तसे त्यांचे ओठ हलले.

"देऊन टाका ना जी. कायले हट्ट करता?"

बाबनरावांनी खिशावर हात दाबून धरला.

मधुसूदननं दुसऱ्या वाटेनं जायचं ठरवलं. "बरं, पाहू तरी द्या. आतापर्यंत सेल किती लागले हिला?"

"एकबी नाई," बाबनराव अभिमानानं म्हणाले. "तुम्ही बसवून देला होता, तोच आहे. लय काटकसरी मशीन आहे."

मधुसूदनचा चेहरा जरा विचित्र झाला.

"आठ महिने एकच सेल?"

"एकच."

त्यानं हात पुढे केला. बाबनरावांनी नाइलाजानं वायर कानातून काढली आणि लेक सासरी पाठवावी तशी मशीन त्याच्या हातात दिली. मधुसूदननं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं, सुईनं आत काहीतरी हलवून पाहिलं. मान वर केली तेव्हा तो हसू दाबत होता आणि ओशाळलाही होता.

"काका, ही कधी चाललीच नाही. आतली तार जोडलेलीच नाही. या खेपेत तोच दोष आहे. ही पहिल्या दिवसापासून मुकी."

"मुकी कशी? मी ऐकलं ना!"

"मग आता कशानं ऐकून राहिले? मशीन तर माझ्या हातात आहे."

बाबनरावांचा हात कानाकडे गेला. कानात काहीच नव्हतं. आणि मधुसूदनचा शब्दन् शब्द त्यांना कळला होता.

"तुम्ही मिलमधले ना?" मधुसूदन म्हणाला. "ओठ वाचता तुम्ही. मीबी फसलो. त्या दिवशी समोर बसवून विचारलं, ऐकू येते का, तर तुम्ही फटाफट सांगत गेले. पाठीमागून विचारायचं मले सुचलं नाही."

साचेखात्यात बोलून काही ऐकू यायचं नाही. तिथं सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलत. बाबनरावांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण ऐकतो की पाहतो, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. आठ महिने खिशात रिकामी डबी घालून आपण लग्नांत मिरवलो, हे ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"तुले माहीत होतं?"

पदर बाजूला झाला, ओठ हलले. "मागं पाण्याचा गुंड धाडकन पडला तर तुमी पेपरच वाचत राहिले. तुमी म्हटलं, फालतू आवाज घेत नाई. मी म्हटलं, असन बावा."

बाबनरावांना रागवायचं होतं, पण त्यांना हसूच आलं. पोट धरून हसले. मधुसूदननं तेवढ्यात नवी मशीन डब्यातून काढून त्यांच्या कानात बसवली आणि चाक फिरवलं. रस्त्यावरचा ट्रक, शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची हाक, स्वतःचंच हसणं, सगळं धाडकन आत आलं.

"काकू, इकडं या. बोला काहीतरी यांच्याशी."

अनुसयाबाई उठून समोर आल्या. ओठ हलले. ‘काय बोलू?’ बाबनरावांना ते कळलं, पण त्याच्यासोबत आवाज आला नाही. त्यांचं हसू मावळलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"पाहा, मधुसूदनजी. सगळं येते, हिचाच आवाज येत नाई. म्हणून मले नवी नको होती. दुसरं काही नाई."

मधुसूदननं अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्याला तरी कुठं काही ऐकू आलं होतं?

"काकू, तुम्ही आवाज कुठं काढून राहिल्या? नुसते ओठ हलवता ना जी!"

अनुसयाबाई चपापल्या. लग्नानंतर चार वर्षं त्याही मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होत्या. पुढे नवऱ्याचे कान गेले, तेव्हा ओरडून शेजाऱ्यांना घरातलं ऐकवण्यापेक्षा त्यांनी तीच ओठांची बोली घरी चालू ठेवली. वीस वर्षं झाली होती. जगाशी त्या मोठ्यानं बोलत, नवऱ्याशी आवाजाशिवाय. आपण असं करतो हे त्यांना आज दुसऱ्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

"पडद्यामागं जा," मधुसूदन म्हणाला, "आणि तिथून बोला."

पडदा हलला. बाबनराव पडद्याच्या निळ्या फुलांकडे पाहत राहिले. तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं.

"जातानी वांगे घ्या लागते," पडद्यामागून कोणीतरी म्हणालं.

"काटेरी घेऊ का साधे?" बाबनराव बोलून गेले.

आणि मग खुर्चीत ताठ झाले.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. गेले आठ महिने, नव्हे गेली वीस वर्षं, त्यांच्या डोक्यात जी अनुसया बोलत होती ती पस्तिशीची होती. पडद्यामागून बोलली ती जाड, घोगऱ्या आवाजाची बाई होती, आणि शेवटच्या शब्दावर तिला जरा दम लागत होता. हा आवाज असा होत गेला तेव्हा आपण त्याच घरात होतो, रोज तिच्या हातचं जेवत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अजून बोल वं," ते पडद्याला म्हणाले.

"काटेरीच घ्या. आन् चांगले पाहून घ्या, मागच्या वेळी सगळे किडके आणले."

बाबनराव इतके खूश झाले की मधुसूदननं पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचताच सही ठोकली. जुनी मशीन काउंटरवर उघडीच पडली होती. तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दोघं बाहेर पडले. ऊन छान पडलं होतं आणि रस्ता माणसांनी भरलेला होता. एरवी बाबनराव बायकोच्या बाजूनं, तिच्या तोंडाकडे बघत, ठेचकाळत चालायचे. आज ते चांगली दोन पावलं पुढे निघाले.

"अहो, थांबा ना! असे काहून पळून राहिले?" मागून हाक आली.

बाबनरावांना सगळं ऐकू आलं. त्यांनी मान वळवली नाही.

"तू बोलत राह्य," ते म्हणाले, आणि तसेच पुढं चालत राहिले.