गुणाची सुई

मी वाकळ शिवायची सुई बोलतेय. टोचून बोलणं हा माझा स्वभावच, तेवढं सांभाळून घ्या.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण माणसांत आले ती सोनारीच्या यात्रेत. भूमजवळच्या मथुराबाईंनी माझं नेढं उजेडाकडं धरून पाहिलं आणि मला घरी आणलं. बावीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हातात राहिले. जुनी लुगडी, विरलेली धोतरं जोडून आम्ही दोघींनी अर्ध्या गावाची थंडी पळवली.

यंदा सून राजनंदिनीला दिवस गेले, तशी बाळासाठी छोटी वाकळ शिवायला घेतली. सुनेची विचारपूस करायला गावची आशा सेविका श्रावस्तीताई यायची. एकदा ती म्हणाली, "नंदिनी, मथुरामावशीला रक्तदाब हाय. तोंड वाकडं झालं, हात उचलंना, बोलणं बोबडं झालं, तर थांबायचं न्हाय. सरळ दवाखाना."

"ताई, मोबाइलवर रोज इतकं येतंय. खरं कुठलं धरावं?"

"कळंना झालं तर मला फोन लाव."

पंधरा दिवसांनी, सकाळी टाका घालता घालता मी मथुराबाईंच्या बोटांतून निसटले. मला उचलायला गेल्या, तर हात हलेचना. ओठ एका बाजूला ओढला गेला.

"अवो, ताईनं सांगितलेलं ते हेच! गाडी काढा," राजनंदिनी ओरडली.

तिचा नवरा युवराज काही वाईट नव्हता हो. आईवर त्याचा जीव होता. म्हणूनच त्यानं भावकीच्या ग्रुपवरचा जपून ठेवलेला निरोप काढला. "थांब! हलवलं तर मेंदूतली शीर फुटती. सुई तापवून दहाही बोटं टोचायची, तोंड सरळ झाल्यावरच न्यायचं. बघ, खाली मोठ्या डॉक्टरचं नाव हाय."

राजनंदिनीनं फोन लावला. श्रावस्ती दुसऱ्या वाडीवर होती, तिथून 'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या' म्हणून कळवळून सांगत होती. युवराज म्हणाला, "ताई काय डॉक्टर हाय व्हय?"

ज्या बोटांनी मला सांभाळलं, त्याच बोटांत मी एकामागून एक शिरले. थेंब आला की सगळे म्हणायचे, "आलं, आलं! आता उतरंल." मग कानाच्या पाळ्या. मग नुसती वाट बघणं. अरे बाबांनो, अडलंय ते डोक्यात, मी बोटाच्या पुढं पोचत नाही! पण सुईचं ऐकतो कोण?

श्रावस्ती धापा टाकत आली तेव्हा चार तास उलटले होते. तिनंच दवाखान्याची गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सकाळीच का नाही आणलंत?"

मथुराबाई जगल्या. उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

शेजारच्या गजराबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "बोटं टोचली म्हनून तर जीव वाचला!" युवराजला ते ऐकून किती बरं वाटलं, ते मी पाहिलं. चुकलेल्या माणसाला असला आधार हवाच असतो. त्यानं तो निरोप पुन्हा सगळ्यांना पाठवला, खाली लिहिलं, 'आमच्या घरचा अनुभव'. श्रावस्तीनं दारोदार फिरून चपला झिजवल्या, पण निरोप तिच्याआधीच घरात पोचलेला असायचा. राजनंदिनी आता कुणाला काही विचारत नाही.

मला देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू लावलं. अर्धी वाकळ पेटीत पडून आहे. बाळ विकतच्या ब्लँकेटात निजतं.

आज सकाळी गजराबाई धावत आल्या. "युवराज, आमच्या मालकाचं तोंड वाकडं झालंय. ती गुणाची सुई दे!" त्यानं मला त्यांच्या हातावर ठेवलं. खाटेवरून मथुराबाई डावा हात जोरजोरानं हलवत होत्या, घशातून नुसता आवाज येत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बघा, म्हातारी बी म्हनतीय, लवकर जा," गजराबाई म्हणाल्या आणि पळत सुटल्या.

त्यांच्या मुठीतून मी बोलतेय. बाई, मला वाटेत टाका, मातीत गंजू द्या, आणि गाडी बोलवा. पण मूठ घट्ट आहे, आणि घर आलंय.