कोऱ्या रकान्यातली माणसं

नोव्हाय या अमेरिकन उपनगरात गाडी नसलेलं एकच माणूस शैलजाला माहीत होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः, इथं आल्यानंतरचे पहिले तीन महिने. नवरा त्र्यंबक ब्रेक डिझाइन करायचा, शेजारचे राजेशकाका इंजिनं. सगळ्या गोतावळ्याची पोटं गाड्यांवरच भरत होती. त्यामुळे २००७ साली कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात तिच्याकडून जी चूक झाली, ती आमच्याच लोकांकडून होण्यासारखी होती.

फ्लूची साथ आली तर औषधं कुठं वाटायची, हे ठरवायचं होतं. पुण्याला स्टॅटिस्टिक्समध्ये पहिली आलेली शैलजा हिरिरीनं कामाला लागली. घरोघरच्या पाहणीत कौंटीच्या पूर्व टोकाच्या हजारो घरांनी ‘गाड्या किती’ हा रकाना कोरा सोडला होता. लोक आळशीच, असं म्हणत तिनं तिथं सरासरी भरली: दोन. मग गाडीतून न उतरता औषध घेता येईल अशी सात केंद्रं नकाशावर मांडली. कुणालाच पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागणार नव्हता. साहेब खूश झाले. शुक्रवारी बोर्डाची मंजुरी तेवढी बाकी होती.

बुधवारी ती नकाशा घेऊन पूर्वेकडच्या चर्चमध्ये गेली. वस्ती सगळी काळ्या लोकांची. पुढच्याच खुर्चीत ब्याण्णव वर्षांच्या ओडेसा प्रुइटबाई बसल्या होत्या. मी तिथवर जायचं कसं, असं त्यांनी विचारलं. शैलजानं कागद पाहून सांगितलं की तुमच्या घरी दोन गाड्या आहेत. अख्खं सभागृह हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

“पोरी, लिहायला काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.”

आणि त्यांनी तिला हाताला धरून बसथांब्यावर नेलं. दोन बस बदलून, उरलेलं चालून केंद्रावर पोचायला दोन तास लागले. वाटेत बाईंनी १९१८च्या साथीचं सांगितलं. त्यांची आई लोकांचे कपडे धुवायची. कामाचा खाडा झाला तर चूल पेटत नसे, म्हणून ती अंगात ताप असतानाही जात राहिली. जवळच्या इस्पितळात काळ्यांना घेत नसत. सव्विसाव्या वर्षी ती गेली. बाई हे अगदी शांतपणे सांगत होत्या, आणि शैलजाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गुरुवारी तिनं कोऱ्या घरांत शून्य भरून गणित पुन्हा केलं. या गणितातल्या साथीच्या वर्षात नोव्हायचं सरासरी आयुर्मान जेमतेम तीन महिन्यांनी घटलं. पूर्वेचं मुळातच दहा वर्षांनी कमी होतं, ते आणखी सहा वर्षांनी खाली आलं. मधलं अंतर पंचवीस मैलांचं. शैलजा थक्क होऊन आकडे बघत राहिली. पगार नि कातडीचा रंग पाहून माणसाचं आयुष्य इतकं बेतून कापलं जातं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“यार शैलू, तुझा व्हिसा या जॉबवर आहे,” त्र्यंबक म्हणाला. “आत्ता कबूल केलंस तर कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करतील. पुढच्या वर्षी करेक्ट कर ना.” त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

शुक्रवारी ती बोर्डापुढं उभी राहिली. चूक माझी आहे, या नकाशाप्रमाणे औषध वाटलं तर पूर्वेकडची माणसं नाहक मरतील, असं तिनं सांगून टाकलं. आपल्या नोकरीचं काय होणार, ते साहेबांच्या चेहऱ्यावर तिला स्वच्छ दिसलं. अध्यक्षांनी थंडपणे विचारलं की गाडी नसलेली घरं नेमकी कुठली, याची यादी आहे का. तिच्याकडे नुसते कोरे रकाने होते, खात्रीची यादी नव्हती.

पहाटेची बस धरून आलेल्या ओडेसाबाई मागच्या रांगेतून उठल्या आणि कोपऱ्यावरच्या पहिल्या घरापासून सांगू लागल्या. विल्मा, इन्सुलिनवर आहे. शेजारचा जेरोम, दोन्ही डोळ्यांनी अधू. पलीकडे बर्निस, पदरात तीन नातवंडं. हातात ना कागद, ना चष्मा. कुणाला दम लागतो, कुणाला जिना उतरवत नाही, सगळं तोंडपाठ. शैलजा भराभर उतरवून घेत होती. आपल्या सगळ्या शिकण्याला जी माणसं दिसली नव्हती, ती या म्हातारीनं एकेक करून सांभाळून ठेवली होती, हे पाहून तिला भरून आलं.

एकशे बाराव्या नावाला अध्यक्षांनी हात वर केला. ही योजना आहे तशी मंजूर होणार नाही, आठवं केंद्र तुमच्या चर्चमध्येच करू, असं सांगून त्यांनी बाईंना बसायची विनंती केली.

“अजून चार गल्ल्या राहिल्यात,” बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.